ओहायोहून पश्चिमेला गेलेल्या पूर्वजाच्या जमिनीचे कागद कुठे शोधायचे?

तुमच्या मिस्टरांचे खापरपणजोबा ओहायोतून निघाले आणि शेवटी नेब्रास्कात त्यांना सरकारी जमीन मिळाली, एवढंच घरात माहीत आहे. मधली वीसेक वर्षं ते कुठे होते, असं तुम्ही विचारलंय. माझ्या सासरीही हाच घोळ होता. मी तीन वर्षं त्याच्या मागे होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळे जण पूर्वजाने जमीन कधी घेतली ते शोधतात. तुम्ही आधी विकली कधी ते शोधा. विकणारा त्या वेळी कुठे राहतो, हे खरेदीखताच्या सुरुवातीलाच लिहिलेलं असतं. आमच्या माणसाने ओहायोतली ८० एकर जमीन निघताना विकलीच नव्हती. विकली ती १८५६ मध्ये, आणि खतात तो 'सीडर काउंटी, आयोवा' इथला रहिवासी! (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी, आणि आयोवा हे ओहायो-नेब्रास्काच्या मधलं राज्य.) आयोवाचं नाव घरात कुणी कधी काढलं नव्हतं.

त्याच खताच्या शेवटी त्याच्या बायकोचं नाव सापडलं. नवऱ्याच्या जमिनीत तेव्हा बायकोचा कायदेशीर हिस्सा असे, त्यामुळे अधिकारी तिला नवऱ्यापासून बाजूला घेऊन विचारी की तू हे राजीखुशीने सोडतेस ना, आणि तसं खताखाली नोंदवून ठेवी. तिने सही म्हणून फुली मारली होती. शाई जरा फुटलेली, एक रेघ दुसरीपेक्षा लांब. १८५० च्या आधीच्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहीत, म्हणून ही बाई आम्हाला तोवर भेटलीच नव्हती. ते पान मी किती वेळ बघत बसले होते!

ही खतं काउंटीच्या रेकॉर्डर कार्यालयात असतात. देणाऱ्यांची सूची वेगळी आणि घेणाऱ्यांची वेगळी, दोन्ही बघा. बऱ्याच काउंट्यांची पानं फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर फुकट दिसतात. मात्र काउंटी नंतर फुटून वेगळी झाली असेल, तर जुने कागद बहुधा मूळ काउंटीकडेच राहतात. मुक्काम पडताळायला जनगणनेतली मुलांची जन्मस्थळं बघा. आमच्याकडे मोठी तिघं ओहायोची, धाकटी दोघं आयोवाची. आयोवाने १८५६ मध्ये स्वतःची जनगणना केली, तीत राज्यात येऊन किती वर्षं झाली हेही विचारलंय. आमच्या माणसापुढे '२' आहे.

नेब्रास्काचं काम त्यामानाने सोपं. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर मिळत, पण पाच वर्षं तिथे राहून जमीन कसावी लागे. सरकारने दिलेला मालकीचा कागद म्हणजे पेटंट. तो जनरल लँड ऑफिसच्या, म्हणजे तेव्हाच्या सरकारी जमीन खात्याच्या, नोंदींच्या सरकारी संकेतस्थळावर दिसतो. पण तिथेच थांबू नका. पेटंट एक पानाचं असतं, खरी माहिती नॅशनल आर्काइव्हजमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या, त्या जमिनीच्या फायलीत असते. आमच्या फायलीत १४ बाय १६ फुटांचं मातीच्या ढेकळांचं घर, एक दार, दोन खिडक्या, विहीर, नांगरलेली ४० एकर आणि दोन शेजाऱ्यांच्या साक्षी आहेत. पूर्वज परदेशात जन्मलेला असेल तर नागरिकत्वाचे कागदही त्यातच मिळतात. पेटंट पाच वर्षांच्या आधीचं दिसलं तर ती चूकच असेल असं समजू नका. एकरी सव्वा डॉलर भरून जमीन लवकर नावावर करून घेता येत असे.

आणखी एक. पूर्व आयोवातली पुष्कळ जमीन १८३२ च्या ब्लॅक हॉक युद्धानंतर तह करून सॉक आणि मेस्क्वाकी या तिथल्या मूळ रहिवासी लोकांकडून काढून घेतलेली आहे. घराण्याचा इतिहास लिहिताना मी ते पहिल्याच पानावर घातलं. 'ओसाड जमीन' लिहायला हात धजेना.

पेटंटवर सेक्शन, टाउनशिप, रेंज असे आकडे असतात. आपल्या गट नंबरासारखेच समजा: टाउनशिप सहा मैल लांब-रुंद, तिचे ३६ सेक्शन, सेक्शन ६४० एकरांचा, त्याचा पाव भाग १६०. पेन्सिल्व्हेनिया किंवा केंटकीत मागे जाल तर मात्र चतुःसीमाच वाचाव्या लागतील, अमुक ओकचं झाड, तमुक ओढा. तुमच्या पेटंटवरचे आकडे आणि काउंटी इथे लिहा; नकाशावर कुठे बसतात ते मी बघून सांगते.