वाचकांचे प्रश्न : शेवट गोड नसला तरी चालेल

यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय 'आशा आणि निराशा' असं जाहीर केल्यापासून मेल, व्हॉट्सॲप, पोस्टकार्डं सगळीकडून प्रश्न येतायत. एकेकाला वेगळं उत्तर देणं जमेना, म्हणून इथेच लिहिते.

माझी कथा पूर्ण निराशेची आहे. शेवटी आशेचा किरण दाखवायलाच हवा का? नाहीतर परत येईल अशी भीती वाटते. (एक वाचक, सांगली)

अजिबात नको. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी कथांमधे शेवटचा परिच्छेद लेखकाचा नसतोच हो, तो संपादकाला बरं वाटावं म्हणून लिहिलेला असतो, म्हणजे दोन पानं कर्जात बुडालेला बाप अगदी खरा उभा राहतो आणि मग एकदम मुलीला स्कॉलरशिप मिळते नि सगळं ठीक होतं. मला ते वाचून मनापासून वाईट वाटतं, कारण आधीची दोन पानं खरी होती.

तुकोबांचं बघा. दुष्काळाबद्दल ते लिहितात, "दुष्काळें आटिलें द्रव्य नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली". बस, एवढंच. पुढच्या ओळींत लाज वाटली, धंद्यात तोटा आला असं सांगतात आणि मग म्हणतात की देवाचं देऊळ भंगलं होतं, ते करावंसं मनात आलं. म्हणजे अभंग पुढे जातो, माणूस कामाला लागतो, पण बायकोचं मरण कुठेही हलकं करून सांगितलेलं नाही. तुमच्या कथेत असं पडकं देऊळ आपसूक आलं तर येऊ दे, नाही आलं तर नाही. ओढून आणू नका.

सणासुदीला निराशा कशाला? दिवाळीत घरात आनंदाचंच वाचावं. (एक आजी, नाशिक)

आजी, तुमचं म्हणणं कळतंय मला. पण ज्या घरात त्या वर्षी कुणी गेलेलं असतं तिथे सण करत नाहीत, फराळ शेजारचे आणून देतात. त्या घरातल्या माणसांनी दिवाळीत काय वाचायचं? १९०९ मधे का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाला वर्षातून एकदा निवांत बसून वाचायची सवय लागलीय आणि तो निवांतपणा फक्त हसऱ्या घरांसाठी राखून ठेवावा असं मला वाटत नाही. या अंकात तुम्हाला आवडेल असंही पुष्कळ असेल, तेवढा विश्वास ठेवा.

आशा चांगली आणि निराशा वाईट, असं तुम्ही धरूनच चाललाय का? (एक प्राध्यापक, कोल्हापूर)

नाही, आणि हा प्रश्न आला याचा फार आनंद झाला! आपल्याकडे आशा हा शब्द कधीच नुसता गोड नव्हता. 'आशाळभूत' हे आपण कुणाला कौतुकाने म्हणत नाही. एका जुन्या संस्कृत सुभाषितात आशेला अजब साखळी म्हटलंय, तिने बांधलेला माणूस धावत सुटतो आणि सुटलेला पांगळ्यासारखा जागच्या जागी राहतो. आणि गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुनाला 'निराशीः' होऊन लढ असं सांगितलंय, म्हणजे कसलीही आस न धरता. आज आपण ज्याला निराशा म्हणतो ती ही नव्हे, पण कानाला इतके जवळचे वाटणारे हे दोन शब्द अर्थाने इतके लांब कसे यावर कुणी नीट लिहिलं तर मला तो लेख अंकात हवाच आहे. तुम्हीच लिहा ना सर.

मी स्वतःच सहा महिने फार वाईट अवस्थेत आहे. लिहून पाठवलं तर मोकळं वाटेल का? (नाव नको)

वाटेलही, पण लेखावर सगळा भार टाकू नका. आधी कुणाशी तरी बोला, आजच. घरचं कुणी, जुनी मैत्रीण, तुमचे नेहमीचे डॉक्टर, कुणीही. नाहीतर टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर एक मिनिटही थांबू नका आणि एकटे राहू नका. लेख नंतर आला तरी चालेल, पुढच्या वर्षी आला तरी चालेल, तुमच्यासाठी जागा ठेवते. आणि छापताना नाव नको असेल तर नाव येणार नाही.

शब्दमर्यादा किती? कविता चालतील का? (बऱ्याच जणांनी विचारलंय)

कथा-लेख २,५०० शब्दांपर्यंत, कविता जास्तीत जास्त तीन. युनिकोडमधे टाइप करून ३१ जुलैपर्यंत मेल करा. टाइप करता येत नसेल तर हाताने लिहून पोस्टाने पाठवा, आम्ही इथे टाइप करून घेऊ, फक्त एक प्रत स्वतःकडे ठेवा.