इंग्रजीच्या वळशाने नको

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझी जपानीची वही पाहिली. ‘मँगो ओ सुकी देस’ असं तू लिहिलंस, शिक्षकांनी ‘ओ’ खोडून ‘गा’ केला, आणि तू रडकुंडीला आलीस. अगं, मनात ‘आय लाइक मँगो’ म्हटलंस ना? तिथे आंबा कर्म, म्हणून तू कर्माचा ‘ओ’ लावलास. आता मराठीत म्हण: मला आंबा आवडतो. ‘आंब्याला’ म्हणालीस का? निहोंगो गा वाकारिमास, मला जपानी समजतं. मिझु गा होशी देस, मला पाणी हवंय. आवडणं, समजणं, हवं असणं यांत आपलं ‘मला’ येतं, तिथे त्या वस्तूला त्यांचा ‘गा’. यासाठी कोष्टक कशाला पाठ करतेस?

इंग्रजीमार्गे जपानीत जाऊ नकोस.

क्रियापदाच्या ते-रूपाची तू उगाच धास्ती घेतली आहेस. ताबेते म्हणजे खाऊन. ताबेते मिमास, खाऊन बघते. कात्ते ओकिमास, विकत घेऊन ठेवते. आपलं बघणं-ठेवणं वाक्यात जिथे बसतं, तिथेच त्यांचंही. घरातून निघताना ते ‘इत्ते किमास’ म्हणतात, जाऊन येते. आपल्याकडे नुसतं ‘जाते’ म्हटलं की आजी ओरडतेच. हे इंग्रजीतून शिकणं म्हणजे कोथरूडहून डेक्कनला लोणावळामार्गे जाणं!

प्रश्नाचा ‘का’सुद्धा शेवटी: इकिमास का? जाता का? (यावरून दोन्ही भाषा बहिणी असल्याचं कुणी सांगू लागला तर मान डोलावू नकोस. रचना जुळते, कूळ नाही.)

मराठी सगळीकडे तारणार नाही, हेही ऐक. ‘घरी आहे’ आणि ‘घरी जेवते’, आपल्याला एकच ‘घरी’ पुरतं. त्यांचं उचि नि इमास, पण उचि दे ताबेमास. नुसतं असणं तिथे ‘नि’, काही करणं तिथे ‘दे’. हे घोकावंच लागेल. ‘ओबासान’ मावशीच्या वयाची, ‘ओबाआसान’ आजी. स्वर लांबवताना जपून. आणि समोरच्याला सारखं ‘आनाता’ म्हणू नकोस, आडनावाला ‘सान’ लाव. ते ‘आनाता’ तुझ्या डोक्यातल्या इंग्रजी ‘यू’चंच पिल्लू आहे.

आमच्या वेळी हे मराठीतून सांगणारं कुणी भेटलं नाही. उमेदीची वर्षं इंग्रजी कोष्टकांत गेली, ती सल अजून आहे. सहकारी म्हणतात, हल्लीची मुलं इंग्रजीतूनच विचार करतात, तुमचा हट्ट जुनाट आहे. असेल. पण भूक लागल्यावर तू आईला काय म्हणतेस, ते त्यांना सांग.

जेएलपीटीचं, म्हणजे त्या जपानीच्या पातळी-परीक्षेचं, दडपण घेऊ नकोस, असं म्हणणार नाही. नोकरीसाठी ती लागते. पण सोप्या एन५ पासून अवघड एन१ पर्यंत कुठल्याच पातळीवर तिच्यात बोलण्याची परीक्षा नाही. पास झालेली मुलं हॉटेलात पाणी मागताना अडखळतात. सुमिमासेन (माफ करा), मिझु ओ कुदासाइ. इथे ‘ओ’ का आला? ‘पाणी द्या’ म्हणून बघ. पाणी आता कर्म झालं. कळलं? मग रोज मोठ्यानं म्हण, भिंतीला ऐकव, पण म्हण.

पुढच्या वहीत आवडणं, समजणं, हवं असणं यांची वाक्यं पाठव. अर्थ मराठीत लिही. इंग्रजी दिसलं तर तपासणार नाही.

तुझी,
बाई