लाल अक्षरं दिसली की हात थांबतो

"मॅडम, गणित शाळेनंतर सुटलं. आता प्रबंधासाठी रिग्रेशन हवंय, तेही 'आर'मध्ये. एरर आली की वाटतं, आपल्या डोक्यातच काही नाही."

समुपदेशक म्हणून ही तक्रार मी बऱ्याच जणांकडून ऐकते. ('आर' ही आकडेवारीच्या कामाची संगणकीय भाषा; रिग्रेशन म्हणजे एक गोष्ट बदलली की दुसरी सरासरी किती बदलते, ते दाखवणारी रेषा काढणं.) त्यातल्याच एका समाजशास्त्राच्या संशोधिकेची ही गोष्ट. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. धीर देण्याऐवजी मी तिला लॅपटॉप उघडायला सांगितला.

पॅकेज, म्हणजे आरला जोडायच्या तयार आज्ञांचा संच, लोड केलं की लाल ओळी यायच्या आणि ती घाबरून सगळं बंद करायची. त्या ओळी एरर नव्हत्याच, नुसती माहिती होती. आरस्टुडिओत, म्हणजे आर वापरायच्या प्रोग्रॅममध्ये, साध्या सूचनाही पुष्कळदा लाल रंगातच दिसतात. (हा रंग ज्यानं निवडला त्याला एकदा माझ्यासमोर बसवायला हवं!) 'ऑब्जेक्ट नॉट फाउंड' ही मात्र खरी एरर होती. कारण एवढंच की रकान्याच्या नावात पहिलं अक्षर मोठं होतं, तिनं छोटं टाइप केलं होतं. आरला ती दोन वेगळी नावं. वयाची सरासरी काढली तर उत्तर 'एनए', म्हणजे 'माहिती उपलब्ध नाही', कारण एका उत्तरदात्यानं वय लिहिलंच नव्हतं. यात गणित कुठे आलं?

मग तिला म्हटलं, अडलात की वहीत नोंद करा: टायपिंगमुळे अडलं की अर्थ कळला नाही म्हणून. पुढच्या भेटीत वही पाहिली. जवळजवळ सगळ्या नोंदी टायपिंगच्या होत्या.

रिग्रेशनसाठी तिचा डेटा मुद्दाम बाजूला ठेवला. स्वतःच्या डेटावर शिकताना प्रत्येक आकडा निकालपत्रासारखा वाटतो. आरमध्येच 'कार्स' नावाचा डेटा आहे: 1920च्या दशकातल्या 50 नोंदी, गाडीचा वेग आणि थांबायला लागलेलं अंतर. 'एलएम' या रिग्रेशनच्या आज्ञेची एक ओळ लिहिली. उतार आला 3.93, म्हणजे वेग ताशी एक मैलानं वाढला की अंतर सरासरी चारेक फुटांनी वाढतं. इंटरसेप्ट, म्हणजे वेग शून्य धरला तर रेषा सांगते ते अंतर, आला उणे 17.58.

ती थबकली. "म्हणजे उभी गाडी उणे साडेसतरा फुटांत थांबते? काहीतरीच!"

"डेटातला सगळ्यात कमी वेग बघा."

तो होता ताशी 4 मैल. "मग शून्याला काय होतं, ते या रेषेला माहीतच नाही," ती स्वतःच म्हणाली.

डोक्यात काही नसलेल्या माणसाला हा प्रश्न पडत नाही. मग संख्याशास्त्रज्ञ अँस्कोम यांचे 1973चे चार डेटासंच काढून दाखवले, तेही आरमध्येच असतात. चारही संचांची रिग्रेशन रेषा जवळपास एकच, पण आलेख काढले की चार तऱ्हा. तेव्हापासून ती मॉडेलआधी आलेख काढते.

तिच्या स्वतःच्या मॉडेलचा आर-स्क्वेअर, म्हणजे डेटातल्या फरकाचा किती भाग मॉडेलला उलगडतो तो आकडा, कमी निघाला. त्या दिवशी ती रडवेली नव्हती. कुठला घटक मोजायचा राहिला असेल, याची यादी घेऊन आली होती. ती यादी मी तिच्या गाईडकडे न्यायला सांगितली. तिथून पुढचं काम समुपदेशकाचं नाही.