दारूवरचा टॅक्स वाढवून सरकार दारूमुळे होणारं नुकसान खरंच कमी करू शकतं का, की नुसती तिजोरी भरते?

कमी होतं. तिजोरीही भरते, दोन्ही एकदम होऊ शकतं. स्कॉटलंडने मे २०१८ पासून दारूच्या एका युनिटला (म्हणजे १० मिली शुद्ध अल्कोहोलला) किमान ५० पेन्स भाव ठरवला, त्याखाली विकायचीच नाही. तो टॅक्स नव्हे, पण महाग केली की कमी प्यायली जाते हा हिशोब तोच. २०२३ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात अभ्यास आला, त्यात निव्वळ दारूमुळे होणारे मृत्यू साधारण १३ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं.

पण तिथेच ज्यांना दारूशिवाय उभंच राहता येत नाही अशांपैकी काहींनी भाव वाढल्यावर दारू तशीच ठेवली आणि जेवणाचे पैसे कमी केले. मला बोलायचंय ते अशा दारूवाचून न चालणाऱ्यांबद्दल, कारण माझा दादाही तसाच होता.

दादाला सकाळी उठल्या उठल्या लागायची, नाहीतर शर्टाचं बटण लावता यायचं नाही. एका रविवारी काकांनी सगळ्यांसमोर बसवून त्याच्याकडून शब्द घेतला, आजपासून थेंब नाही. आम्हाला वाटलं सुटलो. दुसऱ्या दिवशी तो घामाने निथळत होता, पाण्याचा ग्लास तोंडापर्यंत जाईना म्हणून वहिनी चमच्याने पाजत होती, आणि काका म्हणाले, "होतंच असं, सहन कर, मन घट्ट कर." तिसऱ्या रात्री मी उशाशी बसलो होतो तर तो चादरीवरून काहीतरी चिमटीत उचलून माझ्या हातात द्यायला लागला, "धर नीट, दोरा आहे, गुंता होईल." चादरीवर काही नव्हतं. मी धरल्यासारखं केलं. थोड्या वेळाने त्याने मला ओळखलंच नाही.

रात्रीच हॉस्पिटलला नेला. दारातल्या माणसाने बघितलं आणि म्हणाला, पिऊन आलाय, उतरली की आणा. वहिनी ओरडून सांगत होती की तीन दिवस थेंब घेतलेला नाही, कोण ऐकतंय! दुसऱ्या ठिकाणी रात्रपाळीला एक तरुण डॉक्टर होती, तिचा पहिला प्रश्न, "शेवटची कधी घेतली?" तिने नर्सला ग्लुकोज थांबवून आधी बी-वन व्हिटॅमिनचं इंजेक्शन द्यायला लावलं, मग शांत करणारं औषध. सकाळी म्हणाली, रोज पिणाऱ्याने दारू एकदम तोडली की असं होऊ शकतं, याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, उपचार नाही मिळाले तर माणूस यात जातो.

म्हणून सरकार एकदम दारूबंदीची भाषा करायला लागलं की माझ्या पोटात गोळा येतो. मार्च २०२० च्या लॉकडाउनमध्ये दुकानं एका झटक्यात बंद झाली तेव्हा केरळमध्ये दारू न मिळाल्यामुळे काही जणांनी जीव दिल्याच्या बातम्या आल्या, सरकारने डॉक्टरच्या चिठ्ठीवर दारू द्यायचा आदेश काढला, डॉक्टरांच्या संघटना भडकल्या आणि एप्रिलच्या सुरुवातीला हायकोर्टाने स्थगिती दिली. डॉक्टरांचं बरोबर होतं, याला औषधं आहेत, चिठ्ठीवर दारू हा उपचार नव्हे. पण मग ती औषधं आणि तो बेड जवळच्या सरकारी दवाखान्यात आधी हवा ना, आणि नंतर काय ते बंद करा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सेफर म्हणून पाच गोष्टी सांगितल्यात: विक्रीवर बंधनं, पिऊन गाडी चालवणाऱ्यांवर कारवाई, तपासणी आणि उपचार, जाहिरातबंदी, आणि भाव वाढवणं. माझं स्पष्ट मत आहे की भाव वाढवणं सरकारला सोपं जातं कारण त्यात पैसा येतो, उपचारात पैसा जातो. वाढवा ना टॅक्स, पण त्यातला ठरलेला वाटा उपचारालाच जाईल असं कायद्यात लिहा.

आता, हे सगळ्यांना होत नाही, बरेच जणांचे हात दोन-चार दिवस थरथरतात आणि ते सावरतात. मी डॉक्टरही नाही. आणि टॅक्समुळे उद्या एखादा पोरगा सुरूच करणार नसेल तर तो मला हवाच आहे.

दादा नंतर एकदा परत घसरला, मग गोळ्या आणि दर महिन्याला डॉक्टरकडे फेऱ्या, आता चार वर्षं बंद आहे. काका अजून कोणाच्याही घरी विषय निघाला की सांगतात, आमच्या पोराची जिद्द कमी पडली, गोळ्यांवर सोडवावी लागली. काका, त्या रात्री त्याने तुम्हाला दिलेला शब्द पाळलेला होता, पाळला म्हणूनच तो मरायला टेकला होता, हे मी तेव्हा तोंडावर बोललो नाही ते इथे लिहितोय.

तुमच्या घरात कोणी रोज पिणारा असेल तर त्याच्याकडून शपथा घेऊ नका, आधी डॉक्टरकडे न्या. आणि त्याने अचानक सोडलीच असेल आणि भास व्हायला लागले किंवा फिट आली तर सकाळची वाट बघू नका, दारातच सांगा शेवटची कधी घेतली ते, दिवस आणि वेळ दोन्ही.