देशाच्या सीमा आधीच बंद केल्या असत्या तर इंदूरला कोरोना आला नसता का?
आला असता, फक्त थोडा उशिरा. रुग्ण दर 3 दिवसांनी दुप्पट होत असतील आणि बाहेरून येणारे बाधित 90 टक्के रोखले, तरी साथ जेमतेम 10 दिवस मागे सरकते. तेवढ्यात तपासणी, ऑक्सिजनच्या खाटा आणि संपर्कशोध उभा राहिला तर कमाई, नाहीतर ते दिवस फुकट. हा हिशेबही विषाणू आत शिरलेला नसेल तरच लागू. इटलीने 31 जानेवारी 2020 रोजी चीनची विमानं थांबवली, पण फेब्रुवारीत तिथल्याच उत्तरेकडच्या लोम्बार्डी प्रांतात उद्रेक झालाच. शिवाय इंदूरचा धोका दुबईहून येणाऱ्या एका विमानापुरता थोडाच होता? मुंबईहून रात्री निघालेली अवंतिका एक्सप्रेस सकाळी इथे पोचते, आणि प्रवासी गाड्या 22 मार्चपर्यंत चालू होत्या. न्यूझीलंडला जमलं ते चहूकडे समुद्र आणि येणाऱ्याला 14 दिवसांचं सक्तीचं विलगीकरण म्हणून. त्यात विलगीकरणाच्या हॉटेलात खोली मिळेना म्हणून त्यांचेच नागरिक परदेशात अडकले, ही किंमत कुणी हिशेबात धरत नाही. मालवाहतूक मात्र कधीच अडवू नये: औषधांचा आयात होणारा कच्चा माल सुमारे दोन तृतीयांश चीनचा असतो, तो अडला की इंदूरजवळच्या पीथमपूरच्या औषध कारखान्यांचीच पंचाईत.