साखर प्यायली की मोजली जात नाही

प्रश्न : मुलगा 15 वर्षांचा आहे. साधं पाणी त्याला नको असतं, रोज कोल्ड्रिंक लागतं. घरात 2 लिटरची बाटली असतेच. एकदम बंद करावं का? (वाचक, अकोला)

उत्तर : आधी बाटली उलटी करून मागचा तक्ता वाचा. ‘प्रति सर्व्हिंग’चा आकडा फसवा असतो, ‘प्रति 100 मिली’चा बघा. साध्या कोलात तो 10 ते 11 ग्रॅमच्या आसपास असतो. म्हणजे 300 मिलीच्या ग्लासात 32 ग्रॅम साखर, जवळपास साडेसहा चहाचे चमचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015च्या शिफारशीप्रमाणे, दिवसाला 2000 कॅलरी घेणाऱ्यानं वरची साखर 50 ग्रॅमच्या आत ठेवावी, 25च्या आत राहिली तर उत्तम. एका ग्लासातच ती 25ची रेघ ओलांडली जाते, चहा-बिस्किटं वेगळीच.

खरी अडचण 2 लिटरच्या बाटलीची. उघडली की गॅस उडतो, मग ‘वाया जाईल’ म्हणून सगळे मिळून संपवतात. ती आणणं थांबवा. हवंच असेल तर 250 मिलीची बाटली, तीही आठवड्यातून ठरलेल्या दिवशी. मुलाला बहुधा फेसाची चटक असते. त्यासाठी साधा सोडा, अर्धं लिंबू, चिमूटभर मीठ आणि सुरुवातीला 2 चमचे साखर. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा. जीभ सवयीची गुलाम आहे, पण महिनाभरात बदलते. रोज बरंच कोला पिणाऱ्याचं अचानक बंद केलं तर कॅफिन तुटल्यानं दोन-चार दिवस डोकं दुखू शकतं. म्हणून उतरणीनं जा.

कोल्ड्रिंकच्या जागी डबाबंद ज्यूस आणू नका. ‘नो अ‍ॅडेड शुगर’ लिहिलेलं असलं तरी फळांच्या रसातली साखरही याच हिशेबात धरतात. गूळ आणि मधही त्यातच. उसाच्या रसाचा मोठा ग्लास तर कोलाच्या बरोबरीचाच, फक्त रसवंतीच्या घुंगरांमुळे तो निरागस वाटतो.

प्रश्न : कोकम सरबत चालेल ना? (वाचक, चिपळूण)

उत्तर : कुठलं ते सांगा. अमृत कोकम म्हणजे साखरेत मुरवलेला पाक, तो कोल्ड्रिंकच्याच रांगेत. आगळात (कोकमाच्या खारवलेल्या घट्ट रसात) साखर नसते, पण टिकावं म्हणून मीठ भरपूर असतं. ग्लासभर पाण्यात एक मोठा चमचा पुरे, वरून मीठ घालू नका, भाजलेल्या जिऱ्याची पूड घाला. रक्तदाब असेल तर आगळही टाळा. 5-6 आमसुलं धुऊन (त्यांनाही मीठ लागलेलं असतं) तासभर पाण्यात भिजत ठेवा. रंग फिका येईल, चव पुरेशी येईल.

प्रश्न : दिवसाला 4 लिटर पाणी प्यायलाच हवं का? (वाचक, सोलापूर)

उत्तर : नाही. लघवीचा रंग फिकट पिवळा राहील इतकं प्या. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या चालू असतील तर मात्र रंगावर विसंबू नका, ती गडद पिवळीच होते. उन्हात काम करणाऱ्याला जास्त लागतं. मुतखडा होऊन गेलेल्यांनी दिवसभरात अडीच लिटर लघवी होईल एवढं प्यावं. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांना पाण्याची मर्यादा घालून दिलेली असेल, तर डॉक्टरांना न विचारता एक तांब्याही वाढवू नये. आणि तहान अचानक वाढली, रात्री वारंवार उठावं लागतंय, असं असेल तर आधी रक्तातली साखर तपासून घ्या.