सोलापूर भागातील जुन्या वाड्यांत धान्य कोठे साठवत आणि ती व्यवस्था का मोडली?

सोलापूर हा रब्बी ज्वारीचा आणि वारंवार अवर्षणाचा प्रदेश असल्यामुळे एका सुगीचे धान्य पुढील एकदोन वर्षे पुरवणे ही येथील शेतकऱ्याची मुख्य चिंता होती. रोजच्या वापराचे धान्य शेणामातीने लिंपलेल्या कणगीत (विणलेल्या उंच टोपलीत), त्याहून अधिक वाड्याच्या बळदात (धान्याच्या बंदिस्त कोठडीत) आणि दीर्घकाळाचा साठा पेवात म्हणजे जमिनीखालच्या खड्ड्यात ठेवला जाई. पाणी न लागणाऱ्या उंचवट्यावर खोल खणलेल्या पेवाला आतून कडब्याचा थर देऊन तोंड मातीने बंद करीत. उघडल्यावर मात्र आत साचलेल्या विषारी वायूमुळे जीव जाण्याचा धोका असल्याने ते काही काळ उघडे ठेवून, कंदील आत सोडून पाहत आणि तो विझला तर कोणी उतरत नसे. दुष्काळात बादशाही कोठारे लोकांसाठी उघडणाऱ्या संत दामाजीपंतांची कथा याच भागातील मंगळवेढ्याची आहे, हे या पार्श्वभूमीवर स्वाभाविक वाटते.

माळवदाच्या (मातीच्या सपाट छताच्या) वाड्यालगत गोठा व वैरणीची जागा असे, तर मळणीचे खळे बहुधा शेतातच. 1980 च्या सुमारास उजनी धरण पूर्ण झाल्यावर अनेक गावे ज्वारीकडून उसाकडे वळली. रेशन व गोदामांनीही पेवांची गरज कमी केली. माझ्या मते उसाचा वाटा यात अधिक आहे.